श्वासाचं यंत्र घेऊन यावलहून जळगावला

मे महिन्यात खानदेशात कुणी हौसेनं जात नाही. जे जातात त्यांच्या घरचं लग्न तरी असतं, नाहीतर काम तरी असतं. माझं काम होतं, आणि तेही मला नको असलेलं.

जन्मभर मी रॉकेटच्या झडपा केल्या. दक्षिणेत समुद्राकाठच्या अवकाश केंद्रात माझी नोकरी झाली. टाकीतला दाब कमी-जास्त होऊ न देणारी झडप, एवढाच माझा विषय. महामारीत सगळं बंद असताना आमच्या गटाला सांगण्यात आलं, की दाब आणि वायू तुम्हाला कळतात, तर आजारी माणसाला श्वास देणारं यंत्र करून बघा. आम्ही केलं. दवाखान्यातला नेहमीचा व्हेंटिलेटर विजेवर चालतो. आमचं यंत्र नुसत्या ऑक्सिजनच्या दाबावर चालायचं. वायर नाही, बॅटरी नाही. नळी सिलिंडरला जोडली की आतली झडप आपली आपण उघडते आणि मिटते, आणि ठरल्या लयीत हवा छातीत सोडते.

पुण्याच्या एका कारखान्यानं ते करायला घेतलं. पण चाचण्या, परवाने, पुन्हा चाचण्या असं होईपर्यंत साथ ओसरली. तयार झालेली यंत्रं देणगीदारांनी निरनिराळ्या दवाखान्यांना वाटून टाकली आणि विषय संपला. मीही निवृत्त झाले. गुडघे बोलायला लागले होते, झोप उडाली होती, आणि कुणी "तुम्ही ते व्हेंटिलेटर केलंत ना?" असं कौतुकानं विचारलं की मला थकवाच यायचा.

तेवढ्यात कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "खानदेशात आपली तीन यंत्रं नुसती पडून आहेत म्हणतात. जळगाव, यावल, धुळे. तुम्ही एकदा बघून या. वापरात नसतील तर सरळ परत मागवू. सुटे भाग तरी हाती येतील."

आपणच केलेल्या वस्तूची विल्हेवाट लावायला आपणच जायचं. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

जळगाव

स्टेशनबाहेर पडले आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. आमच्या समुद्राकाठी उकाडा अंगाला चिकटतो, पाठ दिवसभर ओली असते. इथे घाम दिसतच नाही. येतो आणि त्याच क्षणी उडून जातो, मागे फक्त ओठांवर मीठ राहतं. रस्त्यावरच्या मुलींनी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं होतं. रिक्षावाल्यानं माझ्या उघड्या डोक्याकडे आरशातून दोनदा पाहिलं आणि शेवटी रिक्षाच थांबवली.

"मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या दिसता. आधी एक रुमाल घ्या. काम नंतर."

मी दुकानातून मोठा पांढरा रुमाल घेतला. त्यानं स्वतःच्या खिशातला कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "हा पर्समध्ये असू द्या. ऊन बाधत नाही." कांद्याचं शास्त्र मला माहीत नाही. पण पुढचे सगळे दिवस तो पर्समध्ये राहिला, आणि माझ्या चष्म्याच्या घरापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळ्याला त्याचा वास लागला.

दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा होता. डॉक्टर पन्नाशीचे, अगदी सौजन्यानं वागणारे. त्यांनी मला स्वतः कोठीत नेलं. आमचं यंत्र कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावर सलाइनची खोकी रचलेली होती.

"खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "आमच्याकडे विजेवरचे चांगले व्हेंटिलेटर आहेत. जनरेटर आहे. त्यांच्या पडद्यावर सगळं दिसतं, रुग्णानं किती हवा घेतली, किती सोडली. तुमच्या यंत्राला पडदाच नाही. भरवसा कशावर ठेवायचा?"

"छाती वर-खाली होताना दिसते," मी म्हटलं.

ते हसले. वाईट हसले नाहीत. पण मलाच माझं उत्तर फार जुनाट वाटलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्या दवाखान्यात वीज, माणसं, यंत्रं सगळं आहे तिथे आमच्या यंत्राची गरज नव्हती. हे यंत्र परत नेता येईल, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फारच बरं होईल. जागा मोकळी होईल."

संध्याकाळी एका खाणावळीत शेवभाजी मागवली. पहिल्या घासाला कान तापले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. गल्ल्यावर बसलेले म्हातारे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, उठून माझ्या टेबलाशी आले.

"तिखट लागलं का ताई?"

"नाही," मी डोळे पुसत म्हटलं.

त्यांनी ताकाचा पेला आणून ठेवला. "शेव एकदम टाकू नका. जेवढी खाणार तेवढीच रश्शात टाकायची, नाहीतर ती मरते." मी तसं केलं. जेवण खरोखर चांगलं होतं. पण मी खोलीवर येऊन पंख्याखाली पडले, आणि सलाइनची खोकी डोळ्यांसमोरून हलेनात.

यावल

सकाळी यावलच्या दवाखान्याची गाडी औषधं न्यायला जळगावात आली होती, तिच्यातूनच मला नेलं. गाडी म्हणजे त्यांची रुग्णवाहिका. चालक रशीदभाई तडवी, साठीकडे झुकलेले, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे.

"या गाडीत बसून जाणारी तुम्हीच पहिली," ते म्हणाले. "बाकी सगळे झोपून जातात."

भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि रस्त्याचा रंगच बदलला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बाहेर सगळं करपलेलं, आणि कुंपणाच्या आत मात्र हिरवा, ओलसर अंधार. रस्त्याला लागून घडांनी भरलेले ट्रक उभे होते, आणि घड उन्हानं काळे पडू नयेत म्हणून बायका त्यांच्यावर केळीचीच पानं अंथरत होत्या. लांब सातपुड्याची निळसर रेघ दिसत होती, तीही धुरकट.

"बागेत काय गारवा असेल!" मी म्हटलं.

"असतो ना. म्हणूनच उन्हाळ्यात सापपण तिथंच येतात," रशीदभाई म्हणाले. मी त्या वाक्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

दवाखाना लहान होता. थोड्याशा खाटा, बाळंतपणाची खोली, बाहेर निंबाखाली बाकडी. डॉक्टर महाजन नावाची तरुण मुलगी तिथली एकटी डॉक्टर. आणि सिस्टर सोनवणे, चाळिशीच्या, कपाळाला कुंकू नाही, गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बाबासाहेबांचं लहानसं पदक, चालणं भराभर. त्यांनी मला यंत्र दाखवलं तेव्हा मी चकित झाले. जुन्या साडीचा अभ्रा शिवून यंत्राला घातलेला होता.

"धूळ फार हो इथं," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे वापरता येत नाही. मग निदान जपून तरी ठेवलं."

आतून यंत्र कोरं करकरीत होतं. मी बरोबर आणलेलं रबरी फुफ्फुस काढलं, नळ्या जोडल्या आणि सिलिंडर उघडला. टक्, सुस्स. टक्, सुस्स. रबर फुगू लागलं, बसू लागलं. डॉक्टर महाजन आणि सिस्टर दोघींनी पाळीपाळीनं सगळं करून बघितलं. लय कमी कशी करायची, दाब कुठे वाढवायचा, नळी निसटली तर काय ऐकू येतं. शिकवताना मला जरा बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी कंटाळाही येत होता. हे सगळं शिकून या दोघी यंत्र वापरणार कधी? अभ्रा पुन्हा चढणार आणि मी पुण्याला कळवणार, परत न्या.

दुपारी सिस्टरनी घरून वरण-बट्टी आणली होती. बट्टी कुस्करून तिच्यावर वरण, वर तुपाची धार, बाजूला घोटलेल्या वांग्याची भाजी. माझ्या माहेरी, सांगलीकडे, एवढं तूप सणालाच. माझं जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला.

दोन माणसांनी एका बाईला उचलून आत आणलं. तिशीची असेल. मागोमाग तिची जाऊ, विमल, पदर सावरत धावत आली. तिच्या बोलण्याला धाप लागली होती.

"नाग व्हता, मॅडम. आमी केयीची पिलं, बाजूचे कोंब, कापू राह्यलो व्हतो. मंगलानं बुडाशी हात घातला अन् त्यानं बोटाले धरलं."

मंगलाचा हात कोपरापर्यंत सुजला होता. पण डॉक्टर हाताकडे पाहत नव्हत्या, डोळ्यांकडे पाहत होत्या. मंगलाच्या पापण्या खाली येत होत्या. तिला वर बघ म्हटलं तर ती कपाळाला आठ्या घालून प्रयत्न करायची, पण पापणी उचलत नव्हती. काही बोलायला गेली तर आवाज नाकातून आला आणि ओठाच्या कडेनं लाळ ओघळली.

डॉक्टर महाजननी सापाच्या विषावरचं औषध चालू केलं, आणखी एक इंजेक्शन दिलं. त्यांचे हात भराभर चालत होते आणि चेहरा पांढरा पडत चालला होता. थोड्या वेळानं मंगलाची मान एका बाजूला कलंडली. छाती नुसती थरथरल्यासारखी हलत होती.

"विषानं स्नायू बंद पडतात," डॉक्टर मला म्हणाल्या. "हृदय चालू आहे, मेंदू चालू आहे, फक्त श्वास घ्यायची ताकद जातेय. औषध काम करेल, पण तोवर कुणीतरी तिच्यासाठी श्वास घ्यायला हवा." मग त्यांनी घशातून नळी घातली आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, लावा तुमचं यंत्र."

मी कितीतरी वर्षं हे यंत्र ओळखत होते. रबरी फुफ्फुसावर त्याला दिवसचे दिवस चालवलं होतं. माणसावर चालताना मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. नळीचं तोंड दोनदा हुकलं, तेव्हा सिस्टरनी माझं मनगट धरलं. टक्, सुस्स. मंगलाची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. विमलनं तोंडावर पदर दाबला. मी त्या छातीकडे बघत राहिले.

डॉक्टरांचे फोन चालू होते. भुसावळात खाट मिळेना. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात जागा आहे, घेऊन या, म्हणाले. सरकारी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. रशीदभाईंची गाडी होती, पण डॉक्टरांना निघता येईना. आत एक बाळंतपण अडलं होतं.

"सिस्टर जातील," त्या म्हणाल्या. "पण यंत्र सांभाळायला..."

"मी जाते," मी म्हटलं. दुसरं कोण होतं?

मी गाडीत चढताना डॉक्टर महाजन माझ्या कानाशी आल्या. "एक लक्षात ठेवा. ती बेशुद्ध नाही. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण तिला सगळं ऐकू येतंय. तिच्याशी बोलत राहा. आणि तिच्यासमोर वाईट काही बोलू नका."

तापीचा पूल

गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. सिस्टर नाडीवर बोट ठेवून बसल्या, विमल पायाशी, मी डोक्याशी. बोला म्हटलं तरी काय बोलायचं? मला तिचं गाव माहीत नव्हतं, घरी कोण कोण आहे माहीत नव्हतं. मी माझ्याजवळ होतं ते बोलू लागले.

"मंगला, मी झडपा करते. हे आता टक् टक् वाजतंय ना, ती झडप. तशीच एक मोठी झडप आम्ही रॉकेटसाठी केली होती. ते उडायचं त्या दिवशी आम्ही सगळे समुद्रावर जाऊन उभे राहिलो..."

पुलाच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे केळीचा ट्रक कलंडला होता. सगळ्या रस्त्यावर घड पसरलेले, त्यांच्यामागे ट्रक, बस, मोटरसायकली, एकाला एक लागून. रशीदभाई भोंगा वाजवत राहिले, मग उतरून पुढे पळाले.

मी सिलिंडरच्या काट्याकडे पाहिलं. काटा मला वाटलं होतं त्याहून बराच खाली होता. वीज नको म्हटलं की यंत्र चालवायची ताकदही त्याच ऑक्सिजनमधून घ्यावी लागते. यावर आमच्या गटात तेव्हा पुष्कळ वाद झाले होते. कागदावर तो सगळा हिशेब नीट होता. पण त्यात कलंडलेला ट्रक नव्हता.

मला काही बोलता येईना. मंगला ऐकत होती. मी सिस्टरना नुसता काटा दाखवला. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि बाकाखालून रबरी पिशवी काढली. ही पिशवी हातानं दाबायची, म्हणजे बाहेरची हवा छातीत जाते. अशी पिशवी जगभर असते, तिला यंत्र कुणी म्हणत नाही.

"मंगला, मी आता नळी बदलते, घाबरू नकोस," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "आपली मॅडम हातानं हवा देणार आहे."

मी दाबू लागले. दाबायचं, सोडायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. पहिल्यांदा ते सोपं वाटलं. मग अंगठ्याचं मूळ दुखू लागलं, मग मनगट, मग खांदा. डोळ्यांत घाम जात होता. मी रॉकेटची गोष्ट पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण शब्दाला श्वास पुरेना. मीच धापा टाकत होते. एका क्षणी बोटं मिटलीच नाहीत. मी दाबतेय असं मला वाटत होतं आणि पिशवी तशीच फुगलेली होती.

"सिस्टर," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी घेतली. पण त्यांना नाडी बघायची होती, सलाइन धरायचं होतं. तेव्हा विमल पुढे सरकली.

"मले सांगा कसं दाबाचं ते."

सिस्टरनी तिचे हात पिशवीवर ठेवले. "दाब. सोड. आता थांब. दाब." थोड्याच वेळात विमलला लय सापडली. ती पुटपुटायला लागली, "घे व माय, घे व माय," आणि प्रत्येक "घे"ला मंगलाची छाती वर येत होती. ती थकली की मी, मी थकले की ती.

बाहेर माणसं जमली होती. रशीदभाईंनी कुणाला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण मी खिडकीतून पाहिलं तर ट्रकवाले, बसमधले उतारू, लग्नाला निघालेली नटलेली माणसं, सगळी घड उचलून बाजूला फेकत होती. मोटरसायकली उचलून कडेला लावत होती. गाडी हलली तेव्हा चाकांखाली केळी चिरडल्याचा आवाज येत होता.

जळगावात पोचलो तेव्हा लोक आमची वाट बघत दारात उभे होते. त्यांनी मंगलाला घेतलं आणि आत नेलं. त्यांचा विजेवरचा व्हेंटिलेटर तयार होता, पडद्यावर रेघा उमटत होत्या. मी दाराबाहेर जमिनीवरच बसले. विमल माझ्या शेजारी बसली. आम्हा दोघींच्या बोटांची मूठ वळत नव्हती. एका अनोळखी बाईनं पाणी दिलं, तो पेला आम्ही दोन्ही हातांनी धरून प्यालो.

धुळे

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जायचं ठरलेलं होतं. मंगलाबद्दल अजून काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी गेले, कारण जळगावात बसून राहण्यानं काही होणार नव्हतं. बसमध्ये बाहेर पाहायचंही त्राण नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात आमचं यंत्र ऑक्सिजनच्या खोलीत होतं. तिथले राखणदार, त्यांना आबा म्हणत, लाकडी स्टुलावर बसले होते. मी यंत्र केलेल्या लोकांपैकी आहे हे कळल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळून पाहिलं.

"हाई मशीन चांगलं शे का ताई?"

"चांगलं आहे आबा."

ते म्हणाले, "मना धाकला भाऊ साथमा गया. याच दवाखानामा. खाट भेटनी, पन मशीन काही भेटनं नही. बठ्ठासले फोन करा आम्ही." सगळ्यांना फोन करून झाले होते, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तवय हाई कोठे व्हतं?"

तेव्हा ते आमच्या प्रयोगशाळेत रबरी फुफ्फुसाला श्वास देत होतं. चाचण्या घाईनं उरकता येत नाहीत, हे खरं आहे. चुकीचं यंत्र माणूस मारतं, हेही खरं आहे. यातलं काहीच मला आबांना सांगवेना.

"तयार व्हायला उशीर झाला, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "व्हस उशीर," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. दोघांनी तिथेच, सिलिंडरांच्या मधोमध बसून तो घेतला. त्यांनी भावाचं नाव सांगितलं, तो खापरावरचे मांडे कसे खायचा ते सांगितलं, आमरसाची वाटी तोंडाला लावून संपवायचा म्हणाले. मी ऐकत राहिले. त्या दिवशी मी धुळ्यात एवढंच काम केलं.

पुन्हा जळगाव

परत आले तर मंगलाच्या घशातली नळी काढलेली होती. ती उशीला टेकून बसली होती. हात बांधलेला, डोळे जड, पण उघडे. विमल तिला चमच्यानं पेज भरवत होती. मला पाहून विमल उठली. मंगला माझ्याकडे बघत होती, ओळख नसल्यासारखी. बरोबरच होतं, तिनं मला पाहिलंच नव्हतं. मग मी "कशी आहेस?" म्हटलं आणि तिचा चेहरा बदलला.

"तुमीच त्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आवाज वयखला."

"तुला ऐकू येत होतं?"

"सगयं. मले वाटे, मी मेली, अन् मेल्यावर असंच ऐकू येते." ती थांबली, आवंढा गिळायला तिला त्रास होत होता. "तुमी धापा टाकू राह्यल्या व्हत्या. मले वाटे, ही बाई थकली तर मी गेली. मी मनात म्हने, थकू नको व बाई."

मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले.

"अन् ते रॉकेट?" तिनं विचारलं. "गेलं का मंग वर?"

"गेलं," मी म्हटलं.

"बरं झालं," मंगला म्हणाली, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

बाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. जळगावचं यंत्रही यावलला हलवायचं, धुळ्याचंही डोंगराकडच्या एखाद्या लहान दवाखान्यात द्यायचं, आणि एकही परत मागवायचं नाही, असं मालकांना सांगितलं. प्रत्येकासोबत जादा सिलिंडर आणि हाताची पिशवी हवी, हेही सांगितलं. ते म्हणाले, पण चालवायला शिकवणार कोण?

"मी थांबते," मी म्हटलं.

"या उन्हात? किती दिवस?"

"ते मला माहीत नाही."

फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. घरी जाऊन झोपायचं सोडून मी हे काय बोलून बसले? पण बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाईंची गाडी मिळाली नाही, म्हणून यावलची एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी बाई बसली, मांडीवर कापडी पिशवी. तिच्याशी दोन शब्दही बोलायच्या आत मला झोप लागली. कितीतरी महिन्यांनी अशी झोप लागली होती. पूल कधी गेला, बागा कधी लागल्या, काही कळलं नाही.

कुणीतरी गालाला हळूच हात लावला. "बाई, उठा. यावल आलं."

मी दचकून सरळ झाले. माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि तिच्या पातळाला माझ्या घामाचा डाग पडला होता. मी माफी मागायला लागले. ती पिशवी उचलून उठत होती.

"तुम्हीपण यावलच्याच का?" मी विचारलं.

"नाही व. माहं गाव मांगंच गेलं." ती खाली उतरता उतरता म्हणाली, "तुमाले झोप लागेल व्हती. आता मी दुसऱ्या गाडीनं जाते माघारी."

ऊन चढायला लागलं होतं. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या निंबाखाली जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या गाडीकडे बघू लागली.